स्त्रीच्या इच्छेवर औषध : राजाराम कॉलेजपासून गुलाबी गोळीपर्यंत

१/
१९२७ हे साल मराठी समाजाच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे एक तरुण प्राध्यापक ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करतात. त्याला प्रस्तावना असते अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुढारी मार्गारेट सँगर यांची. प्राध्यापकांचे नाव नारायण सीताराम फडके. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक काढतात.

२/
यानंतर ८८ वर्षांनी, १८ ऑगस्ट २०१५ रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांच्या मंदावलेल्या कामेच्छेवरील पहिल्या गोळीला परवानगी दिली. ‘स्त्रीला कामेच्छा असते काय’ हा १९२७ चा वाद होता, तर ‘ती कमी झाली तर गोळी द्यावी काय’ हा २०१५ चा. पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंतची वाट कोल्हापूर, मुंबई आणि वर्धा या गावांवरून कशी गेली, त्याचा हा धागा.

३/
आरंभ मात्र बराच मागून करावा लागतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा आणि दुसरा वाजीकरणाचा. ज्वराची पाळी त्यानंतर येते. म्हणजे या विषयाला शास्त्रात किती मानाचे स्थान होते ते दिसते. उडीद, दूध, तूप, साखर, पिंपळी, कवचबीज, शतावरी. पाककृती वाचताना वैद्यक वाचतो आहोत की मुदपाकखान्याची वही, असा संभ्रम पडावा इतकी समृद्धी.

४/
या अध्यायातला रुग्ण मात्र पुरुषच. बलहीन, क्षीणवीर्य, अपत्यहीन, वयस्क, अनेक स्त्रियांचा पती असलेला, असा कोणीतरी. आणि स्त्री कोठे आहे? चरक सांगतो की सर्व वाजीकरणांत श्रेष्ठ वाजीकरण म्हणजे मनाला हर्ष देणारी स्त्री. ती रूपवती, तरुण, मनासारखी असावी, असे वर्णन पुढे येते. थोडक्यात, या चिकित्सेत स्त्री रुग्ण नाही, ती औषध आहे. औषधाला इच्छा असते काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

५/
वात्स्यायनाचा मार्ग निराळा. कामसूत्रात स्त्रीला सुख होते, ते पुरुषासारखे की वेगळे, यावर आचार्यांचे मतभेद नोंदवले आहेत आणि वात्स्यायनाने स्त्रीसुखाच्या बाजूने कौल दिला आहे. नवविवाहितेशी पहिल्या रात्री घाई करू नये, जबरदस्तीने तिला पुरुषजातीचाच द्वेष वाटू लागतो, असेही तो बजावतो. इच्छा का मरते याचे हे बहुधा आपल्याकडचे सर्वांत जुने निदान. परंतु कामशास्त्र राहिले नागरकाच्या दिवाणखान्यात, आणि वाजीकरण गेले वैद्याच्या बटव्यात. दोघांची गाठ फारशी पडली नाही.

६/
आता कोल्हापूर. १८७८ च्या सुमारास गोपाळराव जोशी नावाचे पोस्टातले एक विक्षिप्त कारकून येथे होते. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत सोय व्हावी म्हणून त्यांनी मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेतील नियतकालिकात छापला गेला, न्यू जर्सीच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला आणि पुढचा इतिहास मराठी माणसाला ठाऊक आहे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

७/
त्यांना नेमणूक मिळाली तीही कोल्हापूर संस्थानचीच : अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची जबाबदारी. हेच आजचे सीपीआर. त्या पदाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १८८३ साली श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाईंनी मांडलेला मुद्दा असा, की हिंदू स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगतच नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. नववे वर्ष सरते न सरते तोच लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल दगावलेले; हे त्या ऐकीव माहितीवरून बोलत नव्हत्या.

८/
त्या पदावर रुजू झाल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय २१. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात स्त्रीने स्त्रीला दुखणे सांगण्याचा प्रसंग विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांच्या काळात प्रत्यक्षात आला.

९/
आनंदीबाई गेल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना फर्मावले : पतीकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. अकराव्या वर्षी लागलेले लग्न त्यांना मान्य नव्हते आणि त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी उलट कौल दिला होता. तो अपिलात टिकला नाही. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या खटल्यात स्त्रीच्या इच्छेचा विचार झाला तो केवळ अडथळा म्हणून. जी व्यवस्था नकाराला कैद सांगते तिच्यात इच्छेच्या अभावाला आजार म्हणण्याची गरजच पडत नाही. रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाल्या.

१०/
कोल्हापुरात याला एक पुरवणी आहे. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात स्त्रियांना क्रूरपणाने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. कामेच्छेच्या इतिहासात या कायद्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. मारहाण होणाऱ्या घरात इच्छा कमी असणे हे मेंदूतील रसायनाचे लक्षण मानायचे की घराचे, हा प्रश्न जितका १९१९ चा तितकाच आजचाही आहे.

११/
दरम्यान युरोपात शब्द बदलत होते. तेथील डॉक्टरांनी ‘शीतल’ स्त्री नावाचा एक नमुना तयार केला होता. व्हिएन्नाचे विल्हेल्म स्टेकेल यांनी स्त्रीच्या ‘थंडपणा’वर मोठा ग्रंथच लिहिला. याउलट इंग्लंडच्या मेरी स्टोप्स, ज्या मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांनी १९१८ च्या ‘मॅरिड लव्ह’मध्ये स्त्रीच्या इच्छेला स्वतःची लय असते, ती साधारण पंधरवड्याने चढते-उतरते, असे आलेख काढून दाखवले. आलेख बिनचूक होते असे नाही. पण दोष स्त्रीच्या अंगी नसून तिची लय न ओळखणाऱ्याच्या अडाणीपणात असू शकतो, ही कल्पना स्फोटक होती.

१२/
फडक्यांचे पुस्तक या वातावरणातले. त्याचा मुख्य कल सुप्रजाजननाकडे होता. भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी, अशी त्याची उघड मागणी. संततिनियमन, लग्नाचे वय, निकोप संतती, समाजाचे बळ हे त्याचे विषय. त्या काळी सुप्रजाजनन हा पुरोगामी शब्द समजला जाई. त्याचे पुढे जर्मनीत काय झाले ते १९२७ मध्ये दिसत नव्हते. तरीही मर्यादा स्पष्ट आहे : स्त्रीचे शरीर येथे येते ते प्रामुख्याने भावी पिढीचे उगमस्थान म्हणून. गंमत अशी, की याच प्राध्यापकांच्या कादंबऱ्यांनी मराठी मध्यमवर्गीय मुलींच्या एका पिढीला प्रेमाची भाषा दिली. इच्छेला जी जागा शास्त्राच्या पुस्तकात मिळाली नाही ती कादंबरीने दिली.

१३/
कर्व्यांची भूमिका मुळातून निराळी. गणिताचा माणूस, पॅरिसला शिकून आलेला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. मेरी स्टोप्स यांचे लंडनचे केंद्रही त्याच वर्षीचे. १९२५ मध्ये या कामापायी विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. कर्व्यांना पुढच्या पिढीच्या बळाची फिकीर नव्हती. कामसुख आणि संतती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांनी सव्वीस वर्षे न थकता लिहिले.

१४/
या भूमिकेतून ‘इच्छा नसणे’ या तक्रारीचा अर्थच पालटतो. प्रत्येक संगाला गर्भाची टांगती तलवार, प्रत्येक बाळंतपणात जिवाचा धोका, एकत्र कुटुंबात खोलीला कडी नाही, नवऱ्याला गुप्तरोग असेल तर तो सांगायची पद्धत नाही. अशा ठिकाणी इच्छा टिकलीच तर नवल. कर्व्यांचे औषध म्हणून टोपी, स्पंज आणि माहिती असे होते. ‘गुप्तरोगापासून बचाव’, ‘आधुनिक कामशास्त्र’ ही त्यांची पुस्तके याच हेतूची.

१५/
मासिकातील वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरे हा त्या काळातील एक विलक्षण दस्तऐवज. जे वैद्याला, आईला, मैत्रिणीलाही विचारता येत नसे ते टपालाने मुंबईला जाई. याच उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर कोणी लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, वाचकांनी प्रश्न विचारले तर उत्तरे द्यायचीच नाहीत काय, आणि विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दंड २०० रुपये.

१६/
पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, फडक्यांच्या प्रस्तावनाकार मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. दोन दिवस बोलणे चालले. संग केवळ संततीसाठी असावा, आणि स्त्रियांना नवऱ्यास ‘नाही’ म्हणायला शिकवले म्हणजे कृत्रिम साधनांची गरज उरणार नाही, ही गांधीजींची भूमिका. सँगर यांचा आक्षेप साधा होता : स्त्रियांनाही पुरुषांइतकीच इच्छा होते, त्याचे काय? गांधीजी स्त्रीचा नकार मानत होते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. रखमाबाईंच्या न्यायालयाने तेवढेही मानले नव्हते. पण तिचा होकार त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. त्या संभाषणात तडजोड झाली नाही.

१७/
या वादाला प्रयोगशाळेकडे नेणारा माणूस मुंबईतच होता : डॉ. ए. पी. पिल्ले. १९३४ मध्ये त्यांनी ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी त्रैमासिक काढले. मध्ये खंड पडून ते १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ या नावाने पुढे चालले. याच मुंबईच्या नियतकालिकात १९५० साली अर्न्स्ट ग्रॅफेनबर्ग यांचा स्त्रीच्या कामतृप्तीवरील छोटा लेख छापला गेला. ज्याच्यावरून पुढे ‘जी-स्पॉट’ हे नाव जगभर झाले तो हाच लेख. पाश्चात्त्य मासिके जो विषय चिमट्याने धरत होती त्याला मुंबईत घर मिळाले, हे फारसे सांगितले जात नाही.

१८/
१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्यातला. पुढच्या वर्षी संसदेने औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा केला. कामसुखाची क्षमता टिकवणे किंवा वाढवणे यासाठीच्या औषधांची जाहिरात त्याने बंद केली. भिंतीवरच्या ‘ताकदी’च्या जाहिराती पाहिल्यावर हा कायदा अजून जिवंत आहे यावर विश्वास बसत नाही, पण तो आहे.

१९/
त्या कायद्याची परिशिष्टातील यादी वाचावी. चोपन्न विकार. पुरुषाच्या नपुंसकतेची स्वतंत्र नोंद आहे. स्त्रीसाठी गर्भाशयाचे विकार, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व, हिस्टेरिया, एक मोघम ‘स्त्रीरोग’ आणि स्तनांचा आकार एवढ्या नोंदी. कामेच्छेचा उल्लेख नाही. फसवे औषध विकण्याइतकाही या तक्रारीचा बाजार त्या काळी कोणाला दिसत नव्हता. चरकाच्या अध्यायापासून तोवर फारसे काही हलले नव्हते.

२०/
बाजार उभा राहायला आधी आजाराला नाव लागते. १९७७ मध्ये अमेरिकेत हेलन कॅप्लन आणि हॅरल्ड लीफ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कामेच्छेचा अभाव हे वेगळे निदान म्हणून मांडले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत त्याला जागा मिळाली, १९८७ मध्ये नाव बदलले, २०१३ मध्ये ते मोडून स्त्रियांसाठी इच्छा व उत्तेजना एकत्र करणारे तिसरेच निदान आले. तेहतीस वर्षांत तीन नावे. मलेरियाचे असे होत नाही.

२१/
१९९८ मध्ये पुरुषांसाठी व्हायग्रा आली आणि औषध कंपन्यांना अर्धे जग रिकामे दिसू लागले. तीच गोळी स्त्रियांवर वापरून पाहिली. २००४ मध्ये फायझरने तो नाद सोडला. रक्तप्रवाह वाढतो, इच्छा वाढत नाही. त्याच वर्षी टेस्टोस्टेरॉनच्या पट्टीला अमेरिकी सल्लागार समितीने दीर्घकालीन सुरक्षिततेच्या शंकेवरून नकार दिला. युरोपने २००६ मध्ये ती शस्त्रक्रियेने पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी मान्य केली, पण २०१२ मध्ये ती बाजारातून गेली.

२२/
आता ती गुलाबी गोळी. फ्लिबॅन्सरिन. जर्मन कंपनी बोहरिंगर इंगेलहाइम हिने ती नैराश्यावर आणली होती. नैराश्यावर चालली नाही, पण काही स्त्रियांनी इच्छा वाढल्याचे सांगितले. मेंदूतील सेरोटोनिनच्या दोन प्रकारच्या ग्राहकांवर ती काम करते. २०१० मध्ये नकार. कंपनीने हक्क विकले. नव्या मालक स्प्राउट कंपनीला २०१३ मध्ये पुन्हा नकार. मग ‘पुरुषांना इतकी औषधे, स्त्रियांना शून्य का’ अशी मोहीम उभी राहिली. तिच्या खर्चात कंपनीचाही हात होता. समानतेची भाषा कर्व्यांचीच, फक्त बोलणाऱ्याच्या हातात आता पावतीपुस्तक होते.

२३/
२०१५ मध्ये परवानगी मिळाली आणि दोन दिवसांत सुमारे शंभर कोटी डॉलरला स्प्राउट विकली गेली. औषधाचा परिणाम किती? साखरेच्या गोळीच्या तुलनेत महिन्याला सुखाचे साधारण अर्धा ते एक प्रसंग अधिक. गोळी रोज रात्री झोपताना घ्यायची. चक्कर, झोप, मळमळ, रक्तदाब एकदम उतरणे हे धोके. दारूबरोबर घेतल्यास बेशुद्ध पडण्याचा इशारा चौकटीत छापावा लागला. त्या इशाऱ्यामागचा दारूचा मूळ प्रयोग पंचवीस जणांवर झाला होता आणि त्यांतले तेवीस पुरुष होते. स्त्रियांच्या औषधाच्या इतिहासात याहून बोलका आकडा शोधणे कठीण.

२४/
आणखी एक तपशील, ज्याची चर्चा कमी होते. यकृताचा विकार असेल तर ही गोळी वर्ज्य. फ्लुकोनॅझोल, म्हणजे अंगावरून जाणाऱ्या खाजऱ्या स्रावाच्या बुरशीसाठी सर्रास दिली जाणारी गोळी, तिच्याबरोबरही वर्ज्य. कारण ती फ्लिबॅन्सरिनचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढवते. जो आजार स्वतःच वेदनेने इच्छा मारतो त्याचे औषध आणि इच्छेचे औषध एकत्र चालत नाही.

२५/
२०१९ मध्ये दुसरे औषध आले, ब्रेमेलानोटाइड. मूळ संशोधन त्वचा सावळी करण्याच्या औषधाचे, हे आपल्याकडच्या गोरेपणाच्या मलमांच्या पार्श्वभूमीवर विनोदी वाटावे. हे पोटाला किंवा मांडीला टोचायचे, संगापूर्वी पाऊण तास आधी. चाचण्यांत सुमारे ४० टक्के स्त्रियांना मळमळ झाली. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी अल्प मात्रेतील टेस्टोस्टेरॉनला त्याच वर्षी अनेक देशांच्या तज्ज्ञसंस्थांनी एकत्रित मान्यता दिली. तिथला पुरावा इतर दोहोंपेक्षा बरा मानला जातो.

२६/
फ्लिबॅन्सरिनच्या २०१५ च्या परवानगीपत्रातील अटी हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर. पाळी चालू असलेली स्त्री. पूर्वी इच्छा होती, आता सर्व प्रसंगी गेली आहे. त्याचा तिला स्वतःला त्रास होतो, नवऱ्याला नव्हे. आणि ती दुसऱ्या आजाराने, दुसऱ्या औषधाने किंवा नात्यातील बिघाडाने गेलेली नाही. नैराश्यावरची गोळी, थायरॉईड, अंगावर पाजण्याचे महिने, संगातील वेदना, मधुमेह, रात्रपाळी, सासर, धाक : हे सर्व वगळून जे उरेल त्याच्यासाठी ती गोळी. १९१९ चा शाहू महाराजांचा कायदा आणि १९२७ चे कर्वे या वगळण्याच्या यादीत बसलेले आहेत.

२७/
‘कामेच्छा मंदावणे’ हा शब्दप्रयोग पुस्तकी आहे. पन्हाळ्याच्या किंवा कागलच्या वाटेवरून बसने येऊन सीपीआरच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेली बाई असे बोलत नाही. बोललीच तर ‘नको वाटतं’ एवढेच म्हणते. त्या दोन शब्दांत दुखते, दमले, भीती वाटते, राग आहे, दिवस जातील, किंवा खरोखरच काही वाटत नाही, यांपैकी काहीही असू शकते. डॉक्टरला पुढे पाच-सहा प्रश्न विचारावे लागतात, आणि मागे उभ्या असलेल्या सासूला किंवा नवऱ्याला आधी बाहेर बसायला सांगावे लागते.